सापळा भरतो, तरी आंबा किडतो: फळमाशीची मादी काय खाते ते आधी पाहा

एप्रिलचा दुसरा पंधरवडा लागला की देवगडपासून गुहागरपर्यंत एकच तक्रार ऐकू येते. बागेत फळमाशीचे सापळे आहेत, आतली वासाची वडी वेळेवर बदलली आहे, डबा माश्यांनी भरतोही आहे. तरी अढीत घातलेला आंबा आठवड्याभरात बगलेला मऊ पडतो, दाबला की पाणी सुटतं आणि कापला की आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. मग काहीजण सापळाच कुचकामी म्हणून सोडून देतात, काहीजण पुढच्या वर्षी दुप्पट सापळे टांगतात, आणि एप्रिल उजाडला की पुन्हा तेच.

सापळा आपलं काम करतोच. पण तो बोलावतो नराला आणि आंब्याला डंख मारते मादी. मादीची भूक वेगळी, तिची वेळ वेगळी, तिच्या बसायच्या जागाही वेगळ्या. ते ध्यानात न घेता कितीही सापळे टांगले तरी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

हा फळमाशीचाच प्रताप आहे ना?

हापूस आतून खराब निघाला की सगळा दोष माशीवर टाकायची सवय आहे, म्हणून आधी हे तपासा. बाठ्याजवळचा गर फिकट, स्पंजासारखा, चवीला आंबट लागतो आणि आत अळी नाही, तर तो साका. त्याचा माशीशी काही संबंध नाही. किडा बाठ्याच्या आत आहे आणि गर बहुतांशी चांगला आहे, तर तो कोयीतला भुंगा. फळमाशीच्या आंब्यावर सालीला टाचणी टोचल्यासारखा बारीक ठिपका असतो, कधी त्यातून रसाचा थेंब आलेला दिसतो, आणि त्याच्याभोवतीचा भाग हळूहळू तपकिरी व मऊ होत जातो. आतली अळी बिनपायाची, एका टोकाला निमुळती. पूर्ण वाढलेली अळी फरशीवर ठेवून पाहा: शरीराची कमान करते, दोन्ही टोकं जुळवते आणि एकदम उडी मारते. कोषात जाण्यासाठी फळातून बाहेर पडून माती शोधायची तिची ही रीत आहे.

आणखी एक गल्लत सारखी होते. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी बारीक चिलटं म्हणजे फळमाशी नव्हे. व्हिनेगरच्या वाटीत ती ढिगाने पडतात आणि माणसाला वाटतं, मोठाच बंदोबस्त झाला. चिलटं पिकलेल्या, फुटलेल्या, आंबलेल्या फळावर जगतात. झाडावरच्या धड आंब्याला भोक पाडणं त्यांना जमत नाही. आंब्याची फळमाशी साधारण घरमाशीएवढी, पिवळसर तपकिरी, पंख काचेसारखे आणि त्यांच्या वरच्या कडेला गडद रेघ, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण.

सापळा कागदावर उलटा करा

भरलेला सापळा सकाळच्या उजेडात वर्तमानपत्रावर ओता आणि एकेक माशी काडीने उलटून पोटाचं टोक बघा. मादीचं टोक निमुळतं, सुईसारखं लांबलेलं असतं. अंडी घालायचं ते तिचं हत्यार. नराचं पोट गोल संपतं. मिथाईल युजेनॉल, म्हणजे वडीतलं गंधद्रव्य, घातलेल्या सापळ्यात जवळजवळ सगळे गोल पोटाचेच निघतील. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो, आणि हेक्टरी ४ सापळ्यांची शिफारस आहे ती याच रसायनासाठी.

ही ओढ नरालाच का, याची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत हॉवलेट नावाचे कीटकतज्ज्ञ होते. सिट्रोनेला तेलाच्या वासावर या माश्या झेपावतात आणि येणारे सगळे नर असतात, हे त्यांनी १९१२ मध्ये लिहिलं; पुढे १९१५ मध्ये मिथाईल युजेनॉलपर्यंत ते पोचले. हेच द्रव्य आपल्या दारातल्या तुळशीतही असतं, म्हणून चुरगाळलेल्या तुळशीच्या पानांवर कधीकधी फळमाश्या गोळा झालेल्या दिसतात. नर ते नुसतं हुंगत नाही, चाटून पोटात घेतो. त्यातून त्याच्या शरीरात गंधद्रव्य तयार होतं, संध्याकाळी तो ते सोडतो आणि माद्या त्याच्याकडे वळतात. ते चाटलेल्या नराचं जुळण्यात फावतं. म्हणजे ही भूक पोटाची नाही, लग्नाची आहे. मादीला या वासात तसा काही रस नाही.

मग नर मेले तर माद्या वांझ राहायला हव्यात, असं कोणीही म्हणेल. तसं होतंही, पण जवळजवळ सगळे नर संपले तर. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि एकदा संयोग झाला की मादी पुढे बराच काळ फलित अंडी घालत राहते. पॅसिफिक महासागरातल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात याच रसायनाने ही माशी समूळ नाहीशी केली, पण तिथे आख्ख्या बेटावर एकाच वेळी आमिष टाकलं होतं आणि चहूबाजूंनी समुद्र होता. आपल्या दोन एकरांच्या बागेला असा समुद्र कुठला? शेजारच्या बागेत संयोग झालेली मादी आपल्या कलमावर येऊन बसते, तिला सापळा अडवत नाही. शिवाय हा वास लांबवर जातो, त्यामुळे डब्यात पडलेले नर आपल्याच बागेतले असतील असंही नाही. भरलेल्या डब्यावरून एवढंच कळतं की परिसरात माशी आहे.

म्हणून सापळे काढू नका. तोडणीच्या दीड-दोन महिने आधी लावा, वडी पाकिटावरच्या मुदतीत बदला, आणि जमेल तर आख्ख्या वाडीने एकाच आठवड्यात लावा. पण तेवढ्यावर थांबलात तर मादी मोकळीच राहते.

मादीला काय लागतं?

कोषातून नुकती बाहेर आलेली मादी अंडी घालायच्या स्थितीत नसते. तिचे बीजांडकोश, म्हणजे अंडी तयार होणारे अवयव, कोवळे असतात. ते पिकायला तिला प्रथिनं खावीच लागतात, आणि आंब्यावर डंख मारण्याआधीचा साधारण आठवडा ते दीड आठवडा ती याच शोधात असते. नुसत्या साखरेवर ठेवली तर जिवंत राहते, उडते, पण अंडी जवळजवळ धरत नाही. साखर आणि पाणी ही तिची रोजची गरज. दोन्ही तोडलं तर दोन-तीन दिवसांत मरते. प्रथिनं हे तिचं बाळंतपणाचं खाणं.

हे तिला मिळतं कुठून? इथे बागेकडे नव्या नजरेनं बघावं लागतं. सकाळी उन्हं पानांवर आली की मोठ्या कलमाच्या सावलीच्या अंगाला उभं राहा आणि पानं न्याहाळा. माशी पानावर सरळ बसून राहत नाही, सोंडेचं टोक सारखं टेकवत चालते. तिला चावा घेता येत नाही. सोंडेच्या टोकाला स्पंजासारखा भाग असतो, आधी लाळ सोडायची, वाळलेलं खाणं त्यात विरघळवायचं, मग ते शोषायचं. पायांनीही तिला चव कळते, म्हणून एखाद्या ठिकाणी पाय पडताच ती थबकते. पोट भरल्यावर पानाखाली स्वस्थ बसते आणि तोंडाशी एक चकचकीत थेंब फुगवते, आत घेते, पुन्हा बाहेर काढते. थेंबातलं जादा पाणी उडवून खाणं घट्ट करायची ही रीत.

पानावर तिला सापडतं ते असं: पक्ष्यांची वाळलेली विष्ठा, परागकण, पानाच्या पृष्ठभागावर वाढलेले जिवाणू, आणि तुडतुडे नि पिठ्या ढेकूण यांनी सोडलेला चिकटा. हा चिकटा तिचा मोठा आधार. मोहोरावर तुडतुड्यांकडे दुर्लक्ष झालं, पानं आधी चिकट आणि मग काजळीने काळी पडली, की आपण फळधारणेचं नुकसान मोजतो. पण त्याच चिकट्यावर पुढच्या महिन्यात येणाऱ्या फळमाशीची साखरेची सोय होऊन बसते. ज्या बागेत तुडतुडे वेळेवर आवरले तिथे माशीला खाण्यासाठी जास्त भटकावं लागतं, आणि भटकणारी भुकेली माशीच आमिषावर येते. चिकट्यावर पोसलेली माशी गुळाच्या थेंबाला विचारत नाही.

गुळाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आमिष म्हटलं की आपल्याकडे गुळावरच भिस्त असते. गूळ माशीला आवडतो. सापडला की ती तो भरपूर खाते. पण लांबून बोलावून आणायची ताकद त्यात फारशी नाही. लांबून ओढतो तो सडणाऱ्या प्रथिनाचा, अमोनियाचा उग्र वास. म्हणून आमिषात प्रथिन हवं बोलवायला आणि गूळ हवा खिळवून ठेवायला.

आमिष कसं करावं?

बाजारात प्रोटीन हायड्रोलायझेट नावाने तयार द्रावण मिळतं. ते मिळालं तर उत्तम, त्यावर लिहिलेल्या प्रमाणात वापरा. नाही मिळालं तर बेकरीत मिळणारं यीस्ट आणि गूळ पाण्यात कालवून, झाकण सैल ठेवून दोन दिवस आंबू द्या आणि बाटली सापळ्यात भरा. बाटलीच्या वरच्या अर्ध्यात करंगळी जाईल एवढी तीन-चार भोकं पाडा, खाली द्रावण, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि माशी वर तरंगत न राहता बुडते. परदेशात टोरुला यीस्टच्या गोळ्यांत बोरॅक्स (टाकणखार) घालतात, त्यामागे कारण आहे: द्रावण अल्कधर्मी झालं की अमोनिया जास्त सुटतो, आणि माश्याही लवकर कुजत नाहीत. आठवड्याने द्रावण बदला. कोकणच्या उन्हात ते भराभर आटतं.

किनाऱ्यावरच्या माणसाला दुसरा पर्याय हाताशी आहे: सुकी मासळी. भाजीच्या वेलींवर ओल्या मासळीच्या कुटीचं आमिष लावायची शिफारस दक्षिणेत जुनी आहे. पिशवीमागे ५ ग्रॅम कुटी आणि हेक्टरी ५० पिशव्या असं ते प्रमाण. त्यात तेव्हा डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाचा बोळा ठेवत. त्या औषधावर २०२० च्या अखेरीस बंदी आली, त्यामुळे जुन्या पत्रकातलं तसंच्या तसं उचलू नका. जवळ्याचा किंवा सुकटीचा चुरा पाण्यात भिजवून वर सांगितलेल्या बाटलीत साबणाच्या थेंबासह घाला. यात घरमाश्या आणि निळ्या माश्याही भरपूर येतात, म्हणून मोजताना पंखाची कडा आणि पोटावरची खूण पाहूनच मोजा. घराच्या ओटीपासून लांब टांगा, वासाने घरचे वैतागतील.

कीटकनाशक मिसळून आमिषाचा फवारा द्यायचा असेल तर तो आख्ख्या झाडावर मारायचा नसतो. प्रत्येक झाडाच्या सावलीच्या बाजूला, हात पोचेल अशा उंचीवर, पानांच्या खालच्या अंगाला मोठे थेंब बसतील असा छोटा पट्टा पुरे. माशी त्या पट्ट्याकडे येते. फळांवर उडवू नका, गुळाने सालीवर डाग आणि बुरशी येते. आसपास काही फुललेलं असेल तर गूळ घातलेलं विषारी आमिष अजिबात नको. मधमाशी आधी येईल. कोणतं औषध घालायचं ते इथे लिहीत नाही, आणि त्याला कारण आहे. आंब्यावर चालणाऱ्या औषधांची यादी अलीकडच्या वर्षांत बदलली आहे. वर्षानुवर्षं सर्रास सुचवलेलं मॅलॅथिऑन गुळाबरोबर मिसळण्याआधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा, लेबलावर आंबा लिहिला आहे का ते बघा. माल परदेशी जाणार असेल तर निर्यातदाराला विचारल्याशिवाय काहीच नको.

वेळ चुकली तर आमिष वाया जातं. मादी भुकेली असते ती तरुणपणी. एकदा अंडी पिकली की तिला पिकत्या फळाचा वास जास्त ओढतो आणि ती प्रथिनाच्या थेंबाला ओलांडून आंब्यावर जाते. आंब्यात अळ्या दिसल्यावर आमिष लावणाऱ्याला म्हणूनच फरक जाणवत नाही. आंबा हिरवा, घट्ट आणि बाठा कडक व्हायच्या बेतात असतानाच आमिष बागेत हवं, आणि तेही सकाळी.

पडलेला आंबा आणि कातळ

एका मादीची अंडी हजाराच्या घरात जाऊ शकतात. एका पडलेल्या आंब्यातून निघणाऱ्या अळ्या मातीत दोन-तीन बोटं खाली कोष करतात आणि दहा-बारा दिवसांत नवी माशी वर येते. गळलेली फळं खोल पुरा असं प्रत्येक पत्रकात लिहिलेलं असतं. ते भाताच्या खाचराशेजारी ठीक. राजापूर-देवगडच्या कातळावरच्या बागेत पहारीने वीतभर खणतानाही जीव जातो, दोन फूट खड्डा कोण काढणार? तिथे सोपं उत्तर म्हणजे जाड काळी प्लास्टिकची पिशवी. रोजची गळ तिच्यात भरायची, तोंड घट्ट बांधायचं आणि कातळावर उन्हात ठेवायचं. आतली अळी उष्णतेने मरते. पिशवीला भोक नको, एवढंच जपा. उथळ पुरलेल्या फळातून मात्र माशी माती फोडून वर येते.

आपल्या कलमाखालचं वेचलं तरी रायवळाकडे लक्ष जात नाही. त्याचे आंबे कोणी गोळा करत नाही, खाली सडा पडतो. तीच गोष्ट परड्यातल्या पेरूची, चिकूची, जामाची, आणि समुद्राकाठच्या देशी बदामाची. ही माशी या सगळ्यांत वाढते, म्हणून हापूसचा हंगाम नसतानाही ती कुठे जात नाही. बंद घरांच्या परड्यात ही झाडं फळांनी लगडलेली असतात आणि मालक मुंबईला. अशा घरवाल्यांना फोन करून फळं वेचायची परवानगी मागा. कोणी नाही म्हणत नाही.

मांडवावरच्या भाजीचा प्रश्न वेगळा

पडवळ, कारली, शिराळी, काकडी, दुधी यांना डसणारी माशी दुसऱ्या जातीची. तिच्या नराला मिथाईल युजेनॉलची ओढ नसते. त्याला क्यूल्युअर नावाचं वेगळं गंधद्रव्य लागतं. आंब्याचा सापळा मांडवाला टांगून भाजी किडली म्हणणारे बरेच भेटतात. वडी विकत घेताना पीक सांगून घ्या. मादीची प्रथिनाची भूक मात्र इथेही तीच. शिवाय ही माशी दिवसभर मांडवात राहत नाही. आजूबाजूच्या उंच झाडोऱ्यात, मक्यात, एरंडात विसावते आणि अंडी घालायला वेलावर येते. म्हणून मांडवाच्या कडेला मक्याच्या एक-दोन ओळी लावून आमिष त्या मक्यावर द्यायचं. हवाई बेटांवर याच सवयीचा उपयोग करून भाजीवर औषध न मारता कडेच्या पिकावर आमिष देतात. आपल्या परड्यात हे सहज जमण्यासारखं आहे.

या माश्यांची किंमत किती मोठी असते ते २०१४ मध्ये कळलं. युरोपीय संघाने त्या वर्षी १ मेपासून भारतातला आंबा बंद केला, आणि त्याच्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. आंब्यावरची बंदी उठली २०१५ च्या जानेवारीत. तोवर एक हंगाम मध्येच तुटला होता.

हंगाम अर्ध्यावर आला असेल तर

मादीला आमिषावर गाठायची वेळ गेली असेल तर फळ तिच्यापासून लपवा. अंड्याएवढ्या कैरीला वर्तमानपत्राची २५ × २० सेंटिमीटर पिशवी घालायची शिफारस कोकणात आहे आणि ती खरी उपयोगी आहे. सगळ्या झाडाला शक्य नाही, पण पेटीचा माल असलेल्या खालच्या फांद्यांना शक्य आहे. तयार आंबा झाडावर जास्त राहू देऊ नका; पिकत्या आंब्याचा वास सुटला की माद्या गोळा होतात, आणि वळवाचा पाऊस पडून गेला की त्यांची संख्या भराभर वाढते. घळाने (आंबे काढायच्या जाळीच्या काठीने) काढताना डागी आंबा वेगळ्या टोपलीत टाका, अढीत मिसळू नका. अढीत दिसणाऱ्या अळीचं अंडं बहुतेक वेळा बागेतच पडलेलं असतं, पण खोली उघडी असेल तर पिकत्या फळावर माशी तिथेही येते. खिडकीला बारीक जाळी मारा.

पुढच्या वर्षासाठी एक प्रथिनाची बाटली फेब्रुवारीपासूनच बागेत ठेवा आणि दर आठवड्याला गाळून बघा. निमुळत्या पोटाच्या माश्या दिसू लागल्या की दोन-चार घेऊन ब्लेडने पोट उघडा. आत लांबट पांढरी अंडी दिसली नाहीत तर मादी अजून भुकेली आहे आणि त्याच आठवड्यात आमिष सुरू करा. अंडी दिसली तर पिशव्या घालायला घ्या, गळ वेचायचा माणूस ठरवा आणि तोडणी लांबवू नका.